कोरासरमध्ये तू अजून आहेस

माधवी,

आज दुपारी तुझी खोली आवरायला क्लेमेंटीला गेले होते. आवरायचं म्हणजे काय, डोंबल! तुझ्या कुडत्यांच्या घड्या मोडल्या, पुन्हा घातल्या आणि खिडकीशी बसून राहिले. तुला जाऊन अजून महिना झाला नाही, तरी घरमालकीण दोनदा दारात येऊन उगीच हसून गेली. तिचं तरी काय चुकलं, तिला नवा भाडेकरू बघायचाय. मग ढग गडगडायला लागले. तुझी ती सवय मला कधी लागली कोण जाणे, पण गडगडाट ऐकला की मी हल्ली वर आभाळाकडे बघतच नाही, खाली बघते. खिडकीखालचा तो काँक्रीटचा रुंद कालवा सकाळपासून कोरडा ठणठणीत होता. मधोमध पाण्याची बारीकशी रेघ आणि तिच्यात एक बगळा. बगळा उडाला आणि बघता बघता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तपकिरी पाणी धावायला लागलं.

मी भ्यायले. या कालव्याची भीती नव्हे ती. इथे सिंगापुरात पाणी येतं, दणादणा समुद्राला जाऊन मिळतं आणि लोक छत्र्या झटकत एमआरटीची लोकल पकडतात. मला आठवलं ते राजस्थानातलं कोरासर. तिकडेही आता पावसाचेच दिवस. तुझा चौथरा तिथे टेकडीच्या कडेला उभा, अजून एकाही पाण्याने न तपासलेला. आणि तू नाहीस, हे त्या गावाला ठाऊक नाही.

तेवढ्यात मोबाईल वाजला. कोरासरच्या हंजादेवीचा फोन. ती काही बोलायच्या आधीच मला तिच्या मागचा भोंगा ऐकू आला.

पुढे काय झालं ते सांगते, तुलाच तर सांगायचंय. पण आधी मागचं बोलू दे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुमे, मुद्द्यावर ये." नाही येत जा. इतकी वर्षं तुझ्या मुद्द्यावर येत राहिले, आज माझ्या चालीने सांगणार.

हे काम ऑफिसात आलं तेव्हा सगळे हसले होते, आठवतं? आपण सिंगापूरच्या पावसाळी गटारांची आखणी करणारी माणसं, आणि काम कुठलं, तर राजस्थानच्या वाळवंटातल्या एका गावाला पुरापासून वाचवायचं. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "देझर्ट गॉट फ्लड मेह?" म्हणजे वाळवंटात कसला आलाय पूर? आपण दोघी पुण्याच्या एकाच कॉलेजातून शिकून आलेल्या, पण हसणाऱ्यांत मीही होते हो. तू मात्र उठलीस, फळ्यापाशी गेलीस आणि शाळेतल्या मास्तरणीसारखी शिकवायला लागलीस. तिथली जमीन तापून तव्यासारखी झालेली असते, ती पाणी पीत नाही. लांब डोंगरात पाऊस पडतो, गावावर स्वच्छ ऊन असतं आणि कोरड्या पात्रातून पाणी येतं ते भिंत चालत यावी तसं. आणि गाव कुठे, तर त्याच पात्राच्या काठाला. विहिरी पात्रात, सावली पात्रात, शेळ्या बांधलेल्या पात्रात, पोरांचा खेळही तिथेच. "मोठं पाणी तिथे इतक्या वर्षांनी येतं की भ्यायचं असतं हे कोणाच्या लक्षातच राहत नाही," असं म्हणालीस तू. हसणं बंद झालं सगळ्यांचं. मला तर त्या दिवसापासून जी धास्ती लागली ती आजतागायत.

मग आपली नेहमीची वाटणी झाली. पाणी किती येईल ते तू सांगायचंस आणि त्याचं करायचं काय ते मी. मी भोंगा बसवला. डोंगरात पाणी मोजणारं यंत्र, तिथून तारेवरून निरोप, गावाजवळच्या टेकडीवर खांब आणि खांबावर भोंगा. पाणी गावात पोचायच्या बऱ्याच आधी तो वाजणार, लोक उंचावर पळणार, संपला विषय. आजही म्हणते, भोंग्यात काही खोट नव्हती. तो अगदी वेळेवर वाजला.

तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. रविवार होता, वुडलँड्सच्या आमच्या घरात मी कुकर लावत होते. तू कोरासरला गेलेलीस. तुझा फोन आला तो टेकडीवरून, कारण मोबाईलला रेंज म्हणून तिथे फक्त तेवढीच जागा. मला भोंगा ऐकू आला आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मूठभर मांस चढलं अंगावर. मग त्या भोंग्यात मिसळलेला ढोल ऐकू आला.

"सुमे, ते खाली चाललेत!" तू किंचाळलीस.

"कोण?"

"सगळे! अगं सगळे! बायका नव्या ओढण्या घेऊन, कळशा घेऊन, पोरं खांद्यावर घेऊन पात्रात उतरतायत. नारळ आहे त्यांच्याकडे. सुमे, ते पाण्याला घ्यायला चाललेत!"

आपल्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं, कारण आपण विचारलंच नव्हतं. त्यांच्याकडे पाणी आलं की सारं गाव सामोरं जातं. पाहुण्याला वेशीवर घ्यायला जावं तसं. पहिल्या पाण्याला हात लावायचा, कुंकू वाहायचं, नारळ सोडायचा, पहिली कळशी भरून घ्यायची. पूर्वी पाणी वळणावर दिसलं की जे जवळ असतील तेवढेच धावायचे. आता आपल्या भोंग्याने त्यांना इतकी आधी वर्दी दिली की म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही नटूनथटून पोचायला सवड मिळाली. आपण पळा पळा म्हणून बोंबलत होतो आणि त्यांना ऐकू येत होतं, आलं, आलं, चला.

फोन चालू ठेवूनच तू टेकडीवरून खाली धावलीस. आवाज तुटायच्या आधी मला तुझा श्वास ऐकू आला, ढोल ऐकू आला, बायकांचं गाणं ऐकू आलं आणि त्या सगळ्याच्या खालून काहीतरी घरंगळत आल्यासारखी घरघर. मग फोन मुका झाला. माझ्या ओट्यावर कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या आणि मी गॅस बंद करायचंही विसरून उभी. इरा येऊन म्हणाली, "आई, व्हाय यू शेकिंग?" पोटच्या पोरीला काय सांगू? की मी बसवलेल्या भोंग्याने एक आख्खं गाव नदीत बोलावलंय?

तुझा पुन्हा फोन येईपर्यंत माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. देवाचीच दया, त्या वेळचं पाणी गुडघ्याच्या जरा वर आलं आणि ओसरलं. ढोल गेला, काही शेळ्या गेल्या आणि एका पोरीला हंजादेवीने केसांना धरून बाहेर काढलं. ही हंजादेवी गावची सरपंच. तिचा आवाज असा की तिला भोंग्याची गरज नाही. ती स्वतः सगळ्यांच्या पुढे होती, नारळ घेऊन! आणि दुसऱ्या दिवशी ती तुला काय म्हणाली होती? "भोंपू बहुत बढ़िया है, बाईसा. खेतवालों को सुनाई नहीं दिया, थोड़ा और जोर का कर दो." तू मला हे सांगताना हसत होतीस. मला हसू येईना. तेव्हापासून तू त्यांची बाईसा आणि मी भोंपूवाली बाईसा. न पाहिलेल्या बाईला नाव ठेवायचं म्हणजे काय हौस!

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणत होते, भोंग्याचा आवाज बदलू, ऐकून धडकी भरेल असा करू, पात्राला कुंपण घालू, शाळेत बुडालेल्या माणसांची चित्रं लावू, त्यांना भ्यायला शिकवू. तू मान हलवत राहिलीस. क्लेमेंटीच्या खाऊगल्लीसारख्या त्या हॉकर सेंटरमध्ये उसाचा रस पुढे ठेवून तू म्हणालीस, "भीतीने माणूस पळतो गं, पण कुठे पळेल ते आपल्या हातात नसतं."

"आणि आनंदाने?"

"आनंद जिथे असेल तिथे जातो. आपण आनंदच वर हलवायचा."

मी कपाळाला हात लावला. पण तू गेलीस आणि हंजादेवीपुढे ठाण मांडून बसलीस. टेकडीच्या ज्या कड्याखालून पाणी वळसा घेतं, तिथे कड्यावर दगडी चौथरा बांधायचा. रुंद, सगळं गाव मावेल एवढा, चढायला सोप्या पायऱ्या. पाणी लांबून येताना तिथूनच आधी दिसतं. सामोरं जायचं ते तिथे. हंजादेवीने सगळं ऐकून घेतलं आणि मेख मारली. पहिल्या पाण्याला हात लावायलाच लागतो, वरून नुसतं बघून काय उपयोग? मग तू मातीत काडीने चित्र काढलंस: कड्याच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून दोर, दोराला कळशी. विहिरीवर रोज ओढतात तशीच पहिली कळशी ओढायची आणि वर हात लावायचा. तिने चित्रावरून बोट फिरवून पाहिलं म्हणे. मग म्हणाली, ठीक है, पण "पहली कळशी बाईसा खींचेगी." आणि तू हो म्हणालीस. सिंगापुरात बसून कोरासरच्या पहिल्या पाण्याला हजर राहायचं वचन! मला विचारलं असतंस तर मी देऊ दिलं नसतं.

माझी भीती वेगळीच होती आणि ती तुला कधी पुरती कळलीच नाही. पूर्वी गाव पात्रभर विखुरलेलं असायचं. आता तू सगळ्यांना एका चौथऱ्यावर गोळा करणार होतीस, बायका, पोरं, आंधळे, पांगळे, एकूण एक. मोठं पाणी आलं आणि चौथऱ्यावरून गेलं तर रडायलासुद्धा कोणी उरायचं नाही. मी म्हटलं, आणखी पुरुषभर उंच घे. तू म्हणालीस, मग म्हाताऱ्या चढणार नाहीत, कळशी वाऱ्याने कड्यावर आपटेल, कंटाळून एक जण खाली जाईल आणि तिच्यामागून सगळ्या. "उंची पाण्याने ठरत नाही, सुमे. बायकांच्या गुडघ्यांनी ठरते." मी भिंती बांधणारी बाई, मला हे कुठल्या पुस्तकात शिकवलं होतं? शेवटी चौथरा झाला तुझ्याच उंचीचा. दगडांची जोडणी, पाया, खालचा उतार मात्र माझा. पाया मी दुपटीने खोल घेतला आणि तुला सांगितलं नाही. मागाहून कळल्यावर तू म्हणालीस, "माहीत होतं मला, तू असलं काहीतरी करणार."

तुला वाटायचं मी घाबरट आणि मला वाटायचं तुला भीती म्हणून ठाऊकच नाही. इराच्या त्या दिवसापर्यंत. तुझ्या बिल्डिंगखाली मैत्रिणींशी खेळताना तिचं शटल कालव्यात पडलं आणि ती कडेच्या लोखंडी पायऱ्यांनी उतरायला लागली. आभाळ निरभ्र, कालवा कोरडा. तू चपला न घालता धावलीस, दंडाला धरून तिला वर ओढलंस आणि तिच्यावर अशी ओरडलीस की शेजारची चिनी आजी गॅलरीत आली. इरा रडत म्हणाली, "बट मावशी, इट्स ड्राय व्हॉट!" आणि तू मटकन खाली बसलीस.  मला म्हणालीस, "अगदी हेच म्हणाले होते गं ते कोरासरचे लोक. सूखा तो है." माधवी, त्या दिवशी मला कळलं की तू माझ्याहून जास्त भ्यायलेली होतीस. फक्त तुझी भीती कामाला लागायची आणि माझी नुसती बडबड करायची. इरा अजून कालव्याच्या कठड्यापासून दोन हात लांब चालते. हे ऋण कसलं मानू तुझं? पोर आहे माझी, तेवढंच म्हणते.

शेवटचं भांडणही त्याच हॉकर सेंटरमधलं. पावसाळा तोंडावर आला होता. मी म्हटलं, अजून वेळ आहे, एक थर चढवू या चौथऱ्यावर. तू म्हणालीस, पहिलं पाणी बघू, मग. "बघायला कोण राहील?" मी ताडकन विचारलं. तू काही बोलणार होतीस, पण माझी बस आली. तुझे डोळे लाल दिसत होते आणि मला वाटलं तू चिडलीयस. ताप होता तो.

पाण्याचा हिशोब करण्यात जन्म घालवलास आणि तुला न्यायला कुठल्यातरी कुंडीखालच्या ताटलीतलं चमचाभर पाणी पुरलं. डेंग्यू म्हणाले. रोज येऊन रक्त तपासायचे आणि रोज आकडा खाली. मी तुझ्या कॉटशी बसून सफरचंद चिरत होते, तुला जात नव्हतं तरी चिरत होते. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "काही झालंच मला, तर कोरासरला कळवू नकोस."

"गप्प बस. काही होत नाही तुला."

"ऐक तर. पाणी चौथऱ्याला लागायच्या आधी मी गेले असं कळलं, तर ते काय म्हणतील? पाण्याला सामोरं जायची जागा बदलली म्हणून पाण्याने तिला नेलं. एक बाई वर चढणार नाही मग. सगळ्या खाली जातील. पहिलं पाणी येऊन जाऊ दे, मग सांग."

मी तुला झापलं. तू हसलीस. आपलं पुढचं बोलणं झालंच नाही.

आणि मग सुरू झाले हे दिवस, माधवी. तुझ्यासाठी रडायचीही चोरी. इथल्या मराठी मंडळाने शोकसभा ठेवू म्हटलं, फोटो इंटरनेटवर टाकू म्हटलं. मी हातापाया पडून थांबवलं. ज्या संस्थेने कामाला मदत केली तिच्या जोधपूरच्या माणसाने पाहिलं तर? तो हळहळून हंजादेवीला फोन करणार, आणि संपलंच. साहेबांनाही सांगितलं, तिकडे कोणी काही बोलू नका. लोकांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. तुझ्या दादाला तर मी काय सांगितलं मलाच आठवत नाही.

हंजादेवीचे फोन यायचे. टेकडी चढून करायची बिचारी. "बाईसा कब आएगी? उसका फोन बंद है." मी काहीतरी ठोकून द्यायचे. कामात आहे. मीटिंगला गेलीय. तिकिटाचं बघतेय. मी तिच्याशी कधी दोन वाक्यं धड बोलले नव्हते, ती मी तिच्या गुडघ्यांची, सुनेची, शेळ्यांची चौकशी करायला लागले, ही बोलत राहावी आणि तिने तुझं नाव काढू नये म्हणून. फोन ठेवला की मोरीत जाऊन नळ सोडायचा आणि रडायचं. रोज दोन प्रार्थना, एकमेकींच्या उलट. पाणी येऊ नको रे बाबा, चौथरा कच्चा निघाला तर काय करू. आणि पाणी लवकर ये, म्हणजे मला सांगून मोकळं होता येईल. देवाने तरी कोणती ऐकावी?

तर आज. भोंगा, आणि त्यात ढोल. मागच्या वेळचे तेच दोन आवाज.

"पाणी छूटा है ऊपर से," हंजादेवी ओरडली. "यहाँ तो धूप है!"

"तुम कहाँ हो?"

"फोन ऊपर ही लगता है ना, बाईसा!"

ती वर होती. पण ढोल कुठे होता? तुझ्या खिडकीच्या गजाला धरून मी उभी, खाली इथलं पाणी, कानात तिथलं. "बाकी सब? औरतें? बच्चे?" मी विचारत होते आणि ती कोणाला तरी शिव्या घालत होती, चढ, चढ, घागरा सांभाळ. मग हळूहळू ढोल जवळ आला. पैंजण ऐकू आले, म्हाताऱ्यांचं धापा टाकणं, पोरांचा गलका. ते चढत होते, माधवी. तुझ्या गुडघ्यांच्या हिशोबाने बांधलेल्या पायऱ्या ते गात गात चढत होते.

आणि मग ती घरघर. मागच्यासारखी नव्हे. या वेळी ती फोनमधून आली आणि माझ्या दातांत भरली. गाणं एकदम थांबलं.

"हंजादेवी?"

"बहुत बड़ा है," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा लहान झालेला ऐकला. "ऐसा तो कभी... बकरियों के बाड़े गए. मंदिर वाली कोठी गई. सीढ़ियाँ डूब रही हैं, बाईसा."

माझी पाचावर धारण बसली. सगळं गाव त्या एका दगडावर, आणि मी इथे. पायाचा प्रत्येक दगड डोळ्यांपुढे मांडला. कुठला सैल राहिला असेल, कुठे चुना कमी पडला असेल. पुरुषभर, पुरुषभर उंच हवा होता, किती सांगितलं तुला! मी तुला मोठ्यांदा शिव्या दिल्या, तुझ्याच खोलीत. घरमालकीण धावत आली आणि मला बघून दारातच थबकली.

"चढ़ रहा है?"

"चढ़ रहा है."

"अभी?"

फोनमध्ये नुसतं पाणी. आणि मग कप्पीची कुरकुर ऐकू आली. इतक्या सगळ्यात कोणीतरी कळशी सोडली होती! बायकांनी पुन्हा गाणं धरलं, आधी एकीने, भीत भीत, मग सगळ्यांनी.

"रुक गया," हंजादेवी म्हणाली. "रुक गया, बाईसा."

"कितना बाकी है?"

"हाथभर."

हातभर! त्या हातभरात सगळं गाव उभं होतं. तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही. पुढच्या पाण्याच्या आधी मी एक थर चढवणार म्हणजे चढवणार, आणि तू भांडायला नाहीस. त्याचाच राग येतो. पण ते वर चढले, माधवी. खाली कोणी गेलं नाही. हे माझ्या भोंग्याने झालं नसतं, कुंपणाने नाही आणि बुडालेल्यांच्या चित्रांनीही नाही.

पाणी उतरायला लागलं तसा मला धीर आला आणि त्याहून मोठी भीतीही आली. आता सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हंजादेवी, एक बात बतानी है. माधवी..."

"पता है," ती म्हणाली.

मी खिडकीशी खाली बसले.

"बाईसा हर हफ्ते फोन करती थी. वो बंद हो गया. और तुम, भोंपूवाली, जिसने कभी सीधे मुँह बात नहीं की, तुम मेरे घुटनों का हाल पूछने लगी. इतना मीठा कोई ऐसे ही नहीं बोलता. मैं उसी दिन समझ गई थी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मैंने भी किसी को नहीं बताया. पाणी आ जाए, फिर रोएँगे, सोचा."

तू हॉस्पिटलात म्हणालीस तेच, जवळजवळ तेच शब्द. दोघी जणी, दोन टोकांना, एकच मढं झाकून बसलो होतो इतके दिवस.

"पहली कळशी मैंने खींची," ती म्हणाली. "उसके नाम की. अब बता दूँ सबको?"

नको, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पाणी अजून खाली वाहत होतं, पुढच्या वर्षी पुन्हा येणार होतं आणि आज ते घाबरून खाली उतरले तर कायमचे उतरतील. पण ती माझ्यासाठी थांबली नाही. तिने वळून त्यांच्या बोलीत काहीतरी मोठ्याने सांगितलं. तुझं नाव मला ऐकू आलं. ढोल थांबला.

मी श्वास रोखून ऐकत होते. पायऱ्यांवर पावलं वाजतायत का, पैंजण खाली चाललेत का. नुसतं पाणी वाहत होतं. मग एका बाईने हेल काढून रडायला सुरुवात केली, तिच्यामागून दुसरीने, मग किती जणींनी ते मला कळेना.

"हंजादेवी, कोई नीचे उतरी?"

"कोई नहीं उतरी," ती म्हणाली. "उसकी कळशी बीच में रखी है. सब उसी के पास बैठी हैं."